मेंदूभोवतीचा दाब आणि माझी नजर : जून २०२४ ते ऑगस्ट २०२५

जुलैअखेर माझी डायमॉक्सची, म्हणजे हा दाब उतरवणारी गोळी बंद झाली. परवाच्या तपासणीत दोन्ही डोळ्यांमागची सूज उतरलेलीच राहिली आहे असं दिसलं, म्हणून आता हे लिहायला बसले. आजाराचं नाव इडिओपॅथिक इंट्राक्रॅनियल हायपरटेन्शन. डॉक्टर थोडक्यात आयआयएच म्हणतात. कवटीच्या आत मेंदूभोवती जे पाणी असतं त्याचा दाब वाढतो. गाठ नसते, जंतुसंसर्ग नसतो, रक्ताची गुठळी नसते. नाव कळलं त्या रात्री मी मोबाइलवर मराठीत शोधत होते. कुठे जायचं, काय काय करतात, किती दुखतं, किती पैसे लागतात, आणि डोळे राहतात का, एवढंच मला हवं होतं. ते एका जागी सापडलं नाही. ज्यांच्या हातात आज असा कागद पडला असेल त्यांच्यासाठी हे आहे.

माझं वय ३४. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम. हे शिरोलीच्या एका फाउंड्रीत आहेत, मुलगी तेव्हा पहिलीत होती, घरी सासूबाई.

जून २०२४ मध्ये शाळा सुरू झाल्या त्या सुमारास डोकं दुखायला लागलं. सकाळी जाग यायची तीच डोकं जड घेऊन, मानेपासून कपाळापर्यंत. आडवं झालं की कमी व्हायच्या ऐवजी वाढायचं. रात्री उशीला कान लागला की आत सूं-सूं असा आवाज, तोही नाडीच्या ठेक्यावर. आणि तिसरी गोष्ट, जी मी कुणाला नीट सांगितलीच नव्हती कारण ती सांगण्यासारखी वाटत नव्हती : खाली वाकून तांदळाच्या डब्यातून माप भरून उभी राहिले की दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे करडं व्हायचं आणि लगेच परत सगळं स्वच्छ. सासूबाई म्हणाल्या, “अंगात रक्त न्हाई तुझ्या, म्हणून येतीय ही चक्कर.” रक्त खरंच कमी होतं, ते पुढे कळलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी सायनस, मग अर्धशिशी म्हणून गोळ्या दिल्या. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर तपासून बारीक नंबर निघाला, चष्मा आला, त्याचे २,२०० रुपये. डोकं दुखतच राहिलं. दोघांनीही समोर जे आलं त्यावरून सांगितलं. डोळ्याच्या आत, पडद्यापर्यंत मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

गणपती विसर्जन झालं त्याच आठवड्यात संध्याकाळी घरी येताना व्हीनस कॉर्नरच्या सिग्नलला थांबले होते. पुढच्या केएमटी बसचे मागचे दिवे शेजारी-शेजारी दुप्पट दिसायला लागले. एक डोळा झाकला की बस एक, दोन्ही उघडले की दोन. गाडी तिथंच कडेला लावली आणि ह्यांना फोन केला. त्या दिवसानंतर कित्येक महिने मी गाडीला हात लावला नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर. राजारामपुरीतल्या एका नेत्ररुग्णालयात गेलो. तपासणी फी ५०० रुपये. तक्त्यावरची शेवटची ओळ मी चष्म्यासकट वाचली, म्हणजे ६/६. बाई आनंदाने म्हणाल्या, “नजर चांगली आहे की!” मलाही हायसं वाटलं. मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसवलं. आतल्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग शेजारच्या खोलीतल्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा बीपी मोजायला सांगितला, कारण बीपी फार चढला तरी डोळ्याच्या नसेवर अशीच सूज येते. माझा १२४/८० होता. तेव्हा ते म्हणाले, “दोन्ही नसांना सूज आहे. हा दाब डोळ्यातला नाही, डोक्यातला आहे. उद्याच एमआरआय करा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका.”

मी विचारलं, पण मला तर सगळं दिसतंय. त्यांनी दिलेलं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे : “ताई, तक्ता मधली नजर मोजतो. यात कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली कळत नाही.”

हे सगळं लिहिण्यामागे माझं सांगणं मुख्यतः एवढंच आहे. डोकेदुखी, कानातला आवाज, वाकल्यावर डोळ्यांपुढे येणारी काळोखी असं एकत्र असेल तर नुसता नंबर तपासून घरी येऊ नका. थेंब घालून नस बघायला सांगा. थेंबांनंतर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. गॉगल न्या, स्वतः गाडी चालवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी कडेची नजर मोजणारी फिल्ड टेस्ट, म्हणजे पेरिमेट्री. ८०० रुपये. एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकलेला, नजर मधल्या पिवळ्या दिव्यावर. आजूबाजूला बारीक ठिपके लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. काही ठिपके इतके फिके असतात की दिसला की भास झाला हे कळत नाही. मला वाटलं मी नापास होतेय, घसा दाटून आला आणि मग काहीच दिसेना. नंतर टेक्निशियन ताईंनी समजावलं की मशीन मुद्दाम तुमच्या क्षमतेच्या काठावरचे ठिपके दाखवतं, त्यामुळे चांगल्या डोळ्यालाही बरेचसे दिसत नाहीत. ते आधी माहीत असेल तर जीव निम्मा हलका होतो. पापण्या लववायला हरकत नाही. आमच्याकडच्या मशीनवर बटण दाबून धरलं की टेस्ट थांबते, दम घेता येतो. दोन डोळ्यांच्या मध्ये थोडी विश्रांती मागून घ्या, आणि शक्य तर सकाळची वेळ घ्या. दिवसभर काम करून गेल्यावर माझा रिपोर्ट नेहमी खराब आला आहे.

माझ्या कागदावर दोन्ही डोळ्यांत नैसर्गिक अंधबिंदू (प्रत्येक डोळ्यात असतोच तो न दिसणारा ठिपका) मोठा झालेला होता आणि डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला खाली एक काळा पट्टा. तो पट्टा मला जगताना कधीच जाणवला नव्हता. ओसीटीही झालं, १,५०० रुपये. नसेभोवतीच्या थराची जाडी त्यात मोजतात.

दुपारी एमआरआय. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘व्हेनोग्राफी’, म्हणजे मेंदूतल्या शिरांचं चित्र, लिहिलं आहे ना हे जाण्याआधी पाहा. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरांमध्ये गुठळी झाली तरी हीच सगळी लक्षणं दिसतात, आणि तिचा उपचार पूर्ण वेगळा आहे. विशेषतः गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा नुकतंच बाळंतपण झालेल्या बायकांमध्ये ती शंका आधी फेडावी लागते. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) रक्ताचा रिपोर्ट मागतात, तो सकाळीच करून घेतला तर खोळंबा होत नाही. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना घरीच ठेवा. माझी नाकातली चमकी काही केल्या निघेना, गुजरीत जाऊन सोनाराकडून काढून घेतली. खर्च ९,५०० रुपये. रिपोर्टमध्ये गाठ नाही, गुठळी नाही, पण डोळ्याच्या गोलाची मागची बाजू चपटी झालेली, नसेभोवतीचं आवरण फुगलेलं, पिट्युटरी ग्रंथीची जागा रिकामी दिसणारी. हे तिन्ही शब्द वाचून मी घाबरून गेले. तिन्ही वाढलेल्या दाबाच्याच खुणा आहेत, वेगळे आजार नाहीत, हे दुसऱ्या दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं.

त्यांनी आजार फार चांगला समजावला. मेंदूभोवतीचं पाणी दिवसभरात साधारण अर्धा लिटर तयार होतं, पण एका वेळी आत असतं ते जेमतेम १५० मिली, कारण तेवढंच सतत शिरांमध्ये शोषलं जातं. गच्चीवरच्या टाकीत नळ चालूच आहे आणि निचऱ्याची जाळी तुंबली आहे, तसं काहीसं होतं. कवटी फुगू शकत नाही. डोळ्याची नस मेंदूतून निघताना हे पाणी भोवती घेऊनच निघते, म्हणून दाब थेट डोळ्याच्या मागे जाऊन पोचतो. मग प्रश्न. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन घेतलं होतं का? अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या? स्टेरॉइड सुरू करून अचानक बंद केलं? झोपेत घोरता का? दोन-तीन वर्षांत वजन वाढलं का? औषधं कुठलीच नव्हती. वजन ८४ किलो, बाळंतपणानंतर चढतच गेलेलं. हिमोग्लोबिन ८.६. हा आजार बहुतेक करून तरुण वयातल्या, वजन वाढलेल्या बायकांना होतो. ते ऐकताना मला लाज वाटली होती. डॉक्टरांनी चेहरा पाहून सांगितलं, “ही तुमची शिक्षा नाही. हे उपचारातलं एक औषध आहे, तसंच बघा.”

पाठीतून पाणी काढण्याला मी एमआरआयपेक्षा कितीतरी जास्त घाबरले होते. “पाठीत सुई मारली की कंबर जल्माची जाती,” असं घरी येणारं प्रत्येक जण सांगून गेलं. आईनं गावाहून फोन करून, “नको म्हण त्यास्नी, गोळ्यांवर भागतंय का बघ,” म्हणून रडारड केली. डॉक्टरांना मी हे सरळ विचारलं. सुई ज्या जागी घालतात तिथे मूळ मज्जारज्जू संपलेला असतो, खाली फक्त नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात, म्हणून पाय लुळे पडायची भीती धरायचं कारण नाही, असं त्यांनी चित्र काढून दाखवलं. ही तपासणी हाइनरिख क्विंके या जर्मन डॉक्टरांनी १८९१ मध्ये सुरू केली. एमआरआय आधी झाल्याशिवाय ती करत नाहीत, कारण आत गाठ असेल तर पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं.

२६ सप्टेंबरला सकाळी दाखल झाले. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. भुलीचं इंजेक्शन चुरचुरलं, नंतर दुखण्यापेक्षा दाबल्यासारखं जास्त वाटलं, एकदा उजव्या पायात वीज चमकून गेली. तसं झालं तर हलू नका, तोंडाने सांगा. सुई किंचित वळवतात. मग पाय हळूहळू सैल करायला लावले, कारण पोट आवळलेलं असताना आकडा खोटा चढतो. उभ्या नळीत पाणी चढत गेलं आणि ३६ सेंटिमीटरला थांबलं. मोठ्या माणसात २५ च्या वर गेलं की ते जास्त. पाणी काढून दाब खाली आणला, नमुना तपासायला गेला, तो स्वच्छ निघाला. त्या संध्याकाळी महिन्यांनंतर पहिल्यांदा डोक्यात शांतता होती. पण हा आराम टिकत नाही, पाणी काही तासांत पुन्हा भरतं. आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर आवाज परत आल्यावर माणूस खचतो.

तिसऱ्या दिवशी उलट्या जातीची डोकेदुखी आली : उभं राहिलं की असह्य, आडवं झालं की गायब. सुईच्या जागेतून पाणी झिरपल्याने असं होतं. पडून राहणं, भरपूर पाणी, चहा-कॉफी यांवर ती काही दिवसांत गेली. ताप किंवा मान ताठ होणं असेल तर वाट न बघता फोन करायला सांगितलं होतं.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, त्याच आठवड्यात सुरू झालं. २५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांपासून वाढवत दिवसाला १,००० मिलिग्रॅमपर्यंत. हे औषध पाणी तयार होणंच कमी करतं. गोळी महाग नाही, महिन्याला मला साधारण ६०० रुपये पडायचे, पण गल्लीतल्या दुकानात एकदम तेवढ्या मिळत नाहीत. दसरा चौकातल्या मोठ्या मेडिकलमध्ये सांगून ठेवायचो. बोटांच्या टोकांना, ओठांभोवती मुंग्या येतात. नोटा मोजताना बोटं बधिर वाटायची. लघवीला सारखं जावं लागतं. सोडा आणि कोल्ड्रिंक पाणचट, विचित्र लागतं. थकवा येतो, भूक मरते. मुतखड्याचा संभव वाढतो म्हणून पाणी कमी करायचं नाही, आणि पोटॅशियम-बायकार्बोनेटसाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी सांगायचं. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, आजार परवडला. डॉक्टरांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी वाढवायचा वेग कमी केला, आणि मग जमलं. मनाने बंद मात्र करू नका.

हा उपचार केवळ अंदाजावर चालत नाही हे कळल्यावर मला धीर आला. अमेरिकेत १६५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१४ मध्ये आले. त्या सगळ्यांनाच वजन कमी करायचा आहार दिला होता. निम्म्यांना सोबत हे औषध होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची नजर सुधारली, औषध घेणाऱ्यांची जास्त.

त्या ऑक्टोबरचा शाही दसरा मी टीव्हीवर पाहिला, कारण गर्दी, धूळ आणि उजेड सोसवत नव्हता. रात्री मुलगी झोपली की मी तिचा चेहरा एक-एक डोळा झाकून बघायची. डॉक्टरांनी खरंच अशी सवय लावायला सांगितलं होतं : रोज सकाळी एकेका डोळ्याने भिंतीवरची दिनदर्शिका पाहायची, कुठला चौकोन पुसट झाला का ते बघायचं. दोन्ही उघडे असले की एक डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. नजर झपाट्याने उतरली तर पाणी पोटात उतरवणारी नळी किंवा नसेचं आवरण उघडण्याची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागेल, त्यासाठी पुण्याला न्यावं लागेल, हेही स्पष्ट सांगितलं होतं. ती वेळ आली तर म्हणून रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तुमचं रुग्णालय आणि तुमची शस्त्रक्रिया यादीत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा.

विम्याचं प्रकरण वेगळंच लांबलं. दाखल होताना कॅशलेस नाकारलं गेलं. बिल २२,४०० रुपये, ते आम्ही भरलं आणि परतावा मागितला. नोव्हेंबरात नकाराचं पत्र आलं : दाखल होणं केवळ तपासणीसाठी होतं, आणि तसं पॉलिसीत बसत नाही. हे कलम बहुतेक पॉलिसींत असतं. डॉक्टरांकडून सविस्तर पत्र घेतलं की पाणी काढणं हा निदानाबरोबर उपचारही होता, दाब ३६ होता, नजरेला धोका होता, औषध तिथेच सुरू झालं. सोबत फिल्ड टेस्ट आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रती लावून कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर किंवा नकारच आला तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, त्याला फी नाही. तो उल्लेखही पत्रात केला. जानेवारीत १९,००० च्या आसपास रक्कम जमा झाली. डिस्चार्ज कार्डावर ‘इन्व्हेस्टिगेशनसाठी दाखल’ एवढंच लिहिलं असेल तर रुग्णालय सोडण्याआधीच पूर्ण लिहून मागा.

वजनाचं सांगते. पाच ते दहा टक्के उतरलं तरी फरक पडतो, हे मला सांगितलं होतं. पहिले दोन महिने काटा हललाच नाही. मग आहारतज्ज्ञांनी घरच्याच जेवणात बदल करून दिले : भात एका वेळेला, भाकरी ठेवली, रविवारचा रस्सा वाटीत मोजून, लोणचं-पापड कमी. लोहाच्या गोळ्या सुरू होत्या, त्यामुळे दम लागायचा थांबला आणि चालता यायला लागलं. हे पहाटे रंकाळ्याला सोबत यायचे, शिफ्ट असली तर सासूबाई यायच्या. सासूबाईंचा गुडघा दुखतो, तरी त्या बाकावर बसून माझी फेरी पूर्ण व्हायची वाट बघत. जूनपर्यंत ७६ किलो झालं.

डोळ्यांचं चित्र असं सरकत गेलं : ऑक्टोबरात सूज थोडी कमी, दोन दिसणं बंद. नोव्हेंबरात अंधबिंदू आकसलेला. ९ ते ११ नोव्हेंबरच्या किरणोत्सवात आम्ही अंबाबाईला गेलो, तेव्हा मंदिरातल्या अंधारात मला पायऱ्या नीट दिसल्या; हे कुणाला किरकोळ वाटेल, मला नाही वाटलं. फेब्रुवारीत ओसीटीचा आकडा खाली आला म्हणून मी खूश झाले. डॉक्टरांनी तिथेही सावध केलं : थर पातळ होणं म्हणजे सूज उतरणं असू शकतं, तसंच नसेचे धागे मरणंही असू शकतं. म्हणून ओसीटी एकट्याने वाचत नाहीत, शेजारी फिल्ड टेस्टचा कागद लागतोच. माझ्या बाबतीत फिल्ड सुधारलं होतं, म्हणजे खरंच सूज उतरत होती. एप्रिलपासून गोळी हळूहळू कमी केली.

डाव्या डोळ्यातला नाकाकडचा खालचा पट्टा पूर्ण भरून आला नाही. लहान झाला, पण आहे. उशीर झाला त्याची ती किंमत, असं मला वाटतं, आणि ती आणखी मोठी झाली नाही याचं श्रेय त्या सोमवारी थेंब घालून नस पाहणाऱ्या डॉक्टरांना आहे. गाडी मे महिन्यापासून चालवते, रात्रीची अजून नाही.

सगळे फिल्डचे कागद तारखेवार एका फाइलमध्ये आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंत बारीक आकडे वाचता येत नाहीत, मूळ प्रती जपा. आता औषधाशिवाय पहिले सहा महिने जपायचे आहेत. कानातला आवाज परत आला, वाकल्यावर काळोखी आली किंवा वजन पुन्हा चढायला लागलं तर तारखेची वाट न बघता जायचं, नाहीतर पुढची फिल्ड टेस्ट दिवाळीनंतर, सकाळी दहाची वेळ घेतली आहे.